बंदुकीचा परवाना कोणाच्या सहीने?



गेल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात ब्लॅक पँथर या विषयावर चर्चा होती. चर्चा संपत आली तेव्हा मागच्या रांगेतला एक तरुण उभा राहिला आणि म्हणाला, "सर, ते लोक रायफली घेऊन विधानभवनात शिरले. आपण अजून निवेदनंच देतोय. आपल्याला परवाने का मागता येत नाहीत?" जोरात टाळ्या पडल्या. मला त्या टाळ्यांची काळजी वाटली, पण त्या तरुणाचा राग आला नाही. ज्याच्या नात्यातल्या माणसाला गावात मारहाण झाली आणि फिर्याद नोंदवायला दोन दिवस ठाण्याबाहेर बसावे लागले, त्याने हा प्रश्न विचारायचा नाही तर कोणी विचारायचा?

त्या दिवशी मी त्याला अर्धेच उत्तर दिले. उरलेले उत्तर इथे देतो.

अमेरिकेतल्या बंदूक कायद्यांचा वाद आपल्यापर्यंत दोनच आवाजांत पोचतो. एक म्हणतो, बंदूक म्हणजे स्वातंत्र्य. दुसरा म्हणतो, बंदूक म्हणजे विनाश, म्हणून कायदे कडक करा. आपल्यासारख्या माणसांचा प्रश्न या दोन्हींत बसत नाही. कायदा कडक आहे की सैल, हे आपण नंतर पाहू. आधी हे पाहू की परवाना द्यायचा की नाही, हे ठरवणारी सही कोणाची आहे आणि ती सही कशाच्या आधारावर होते. शोषितांच्या बाजूने या वादाकडे पाहायचे तर इथूनच सुरुवात करावी लागते.

कायद्यात रंग लिहिलेला नव्हता

अमेरिकेत बंदूक बाळगण्यावरचे सुरुवातीचे काही निर्बंध गुन्हेगारांवर आले नाहीत. ते काळ्या माणसांवर आले. व्हर्जिनिया वसाहतीने १६८० मध्येच कायदा करून काळ्यांना शस्त्र बाळगायला बंदी घातली. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालात सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश रॉजर टॅनी यांनी काळ्यांना नागरिक मानायला नकार दिला. त्यासाठी दिलेल्या कारणांत एक असे होते की, यांना नागरिक मानले तर यांना हवे तिथे शस्त्र घेऊन फिरण्याचा अधिकार द्यावा लागेल! गुलामी संपल्यावर मिसिसिपी राज्याने १८६५ मध्ये नवा कायदा केला: मुक्त झालेल्या काळ्या माणसाला परवान्याशिवाय बंदूक ठेवता येणार नाही. परवाना देणारे मंडळ अर्थातच गोऱ्यांचे.

इथपर्यंत कायद्यात रंग उघड लिहिलेला होता. पुढे संविधान दुरुस्तीने समान संरक्षण आले आणि रंग लिहिणे अडचणीचे झाले. मग काय केले? फ्लोरिडाचे उदाहरण घ्या. १८९३ मध्ये त्या राज्याने कायदा केला की रायफल बाळगायची तर काउंटीच्या आयुक्तांकडून परवाना घ्यावा, त्यासाठी शंभर डॉलरचा जामीनबंध द्यावा, आणि अर्जदार चांगल्या चारित्र्याचा असावा. वाचायला किती नि:पक्षपाती! १९४१ मध्ये वॉटसन विरुद्ध स्टोन या खटल्यात त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती ब्यूफर्ड यांनी आपल्या वेगळ्या मतात सरळ लिहून टाकले की हा कायदा काळ्या मजुरांना नि:शस्त्र करण्यासाठी होता, गोऱ्यांना लावण्याचा हेतू कधीच नव्हता आणि प्रत्यक्षातही तो त्यांना लावला गेला नाही. न्यायमूर्तीच हे कबूल करतात तेव्हा आणखी पुरावा कशाला हवा?

मित्रहो, 'चांगले चारित्र्य' हे शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडे चारित्र्य पडताळणी नावाचा प्रकार आहे. नोकरी, पासपोर्ट, परवाना, काहीही असो, कागद ठाण्यात जातो. चारित्र्य चांगले की वाईट, हे ठाण्यातला माणूस ठरवतो आणि तो माणूस कुठल्या तरी आळीतून आलेला असतो. हे मी तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

आणखी एक योगायोग. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले. त्याच १९१३ साली न्यूयॉर्क राज्याने आपल्या सलिव्हन कायद्यात दुरुस्ती केली: लपवून पिस्तूल बाळगण्याचा परवाना हवा असेल तर चारित्र्य चांगले हवे आणि 'रास्त कारण' दाखवायला हवे. कारण रास्त आहे का, हे अधिकारी ठरवणार. ही अट शंभराहून अधिक वर्षे टिकली. २३ जून २०२२ रोजी ब्रूएन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली.

पुरोगामी लोकांनी या निकालावर टीका केली आणि तिच्यात तथ्य आहे. पण या खटल्यातली एक गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. न्यूयॉर्कमध्ये गरिबांचे फौजदारी खटले चालवणाऱ्या वकिलांच्या संघटनांनी, त्यांतल्या काळ्या वकिलांनी, या कायद्याच्या विरोधात न्यायालयात निवेदन दिले होते. त्यांचे म्हणणे असे: श्रीमंत, ओळखीपाळखीच्या माणसाला परवाना मिळतो, आमचा अशील परवान्याविना पिस्तुलासह सापडला की तुरुंगात जातो, आणि असे आमचे जवळजवळ सगळे अशील काळे किंवा लॅटिनो असतात. म्हणजे बंदुकांवर नियंत्रण हवे म्हणणारा कायदाही शेवटी कोणाच्या मानेवर बसला ते पाहा.

पँथरांच्या रायफली आणि राजांचा अर्ज

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येऊ. ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला. त्या वेळी कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरणे कायदेशीर होते. पँथर कायद्याची पुस्तके आणि बंदुका घेऊन पोलिसांच्या गाडीमागे जायचे, काळ्या माणसाला अडवले की कायद्याने ठरलेल्या अंतरावर उभे राहून पाहायचे. लगेच डॉन मलफर्ड नावाच्या आमदाराने भरलेली बंदूक घेऊन फिरण्यावर बंदीचे विधेयक आणले. त्याच्या निषेधार्थ २ मे १९६७ रोजी पँथर शस्त्रांसह विधानभवनात गेले. परिणाम काय झाला? विधेयक झपाट्याने मंजूर झाले. त्यावर सही करणारे राज्यपाल होते रोनाल्ड रेगन, आणि आज बंदुकीवरील कोणत्याही बंधनाला विरोध करणाऱ्या नॅशनल रायफल असोसिएशनने तेव्हा त्या बंधनाला पाठिंबा दिला होता. बंदूक जोवर गोऱ्याच्या हातात होती तोवर ती स्वातंत्र्य होती. काळ्याच्या हातात दिसताच ती सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न झाली.

त्याआधी अकरा वर्षे, जानेवारी १९५६ मध्ये, माँटगोमेरीत मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. पत्नी आणि तान्ही मुलगी घरात होत्या. त्यानंतर किंग यांनी बंदूक बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. ज्याच्या घरावर बॉम्ब पडला त्याला 'गरज' दाखवता आली नाही, तर गरज म्हणजे नेमके काय?

आणि परवाना मिळाला तरी? ६ जुलै २०१६ रोजी मिनेसोटात फिलँडो कास्टील या काळ्या तरुणाची गाडी पोलिसाने अडवली. त्याच्याकडे रीतसर परवाना होता. त्याने स्वतःहून, शांतपणे सांगितले की माझ्याकडे बंदूक आहे. काही सेकंदांत त्याला गोळ्या घालण्यात आल्या. गाडीत मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. पुढच्या वर्षी तो पोलीस खटल्यातून निर्दोष सुटला.

टाळ्या वाजवणाऱ्या मित्रांनी कास्टीलचा विचार करावा. कागदावर अधिकार समान असला तरी बंदूक हातात घेतलेल्या दोन माणसांकडे व्यवस्था एकाच नजरेने पाहत नाही. एकाच्या कमरेला ती प्रतिष्ठा दिसते, दुसऱ्याच्या कमरेला ती गोळी घालण्याचे निमित्त होते. आपल्या वस्तीतल्या एखाद्या पोराकडे परवान्याचे पिस्तूल आहे आणि गावात जयंतीच्या मिरवणुकीवरून तणाव आहे, अशी कल्पना करा. पहिला गुन्हा कोणावर दाखल होईल?

मग तपासणीच नको का?

इथे काही मित्र घाईने म्हणतील की परवाना पक्षपाती, तपासणी पक्षपाती, तर सगळेच काढून टाका. अमेरिकेत आज निम्म्याहून अधिक राज्यांत लपवून बंदूक बाळगायला परवानाच लागत नाही. त्यामुळे काळे लोक सुरक्षित झाले का?

१७ जून २०१५. चार्ल्सटन शहरातल्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलवाचन चालू होते. एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्या तरुणाने नऊ काळ्या माणसांना गोळ्या घालून मारले. त्याला बंदूक कशी मिळाली? अमेरिकेत १९९३ च्या ब्रॅडी कायद्याने परवानाधारक दुकानातून बंदूक घेणाऱ्याच्या पूर्वेतिहासाची तपासणी सक्तीची केली आहे. पण त्या कायद्यात एक पळवाट आहे: तीन कामकाजी दिवसांत सरकारकडून उत्तर आले नाही तर दुकानदार बंदूक विकू शकतो. या तरुणाने अमली पदार्थ बाळगल्याचे कबूल केलेले होते. ते नोंदीतून वेळेत शोधले असते तर विक्री थांबली असती. तीन दिवस उलटले, उत्तर आले नाही, बंदूक विकली गेली. एफबीआयच्या संचालकांनी नंतर ही चूक कबूल केली. शिवाय कित्येक राज्यांत खाजगी व्यक्तीकडून बंदूक घेतली तर तपासणी लागतच नाही.

१४ मे २०२२. बफेलो शहरातल्या काळ्यांच्या वस्तीतले किराणा दुकान. दहा काळे लोक ठार. मारेकऱ्याने बंदूक कायदेशीर घेतली होती, तो तपासणीत पास झाला होता. वर्षभर आधी त्याने शाळेत खुनाची भाषा केली म्हणून त्याला मानसिक तपासणीसाठी नेले होते, पण ते तपासणी अडेल अशा कोणत्याही नोंदीत गेले नाही. द्वेषासाठी त्या अर्जात रकाना नाही.

म्हणजे तपासणी ढिली पडली की मरतात तेही शोषितच. म्हणून माझे म्हणणे असे आहे: अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालणारा परवाना वेगळा आणि ठरलेल्या, लिहिलेल्या निकषांवर चालणारी तपासणी वेगळी. पहिल्याला विरोध करायचा, दुसरीचा आग्रह धरायचा. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालयही ब्रूएननंतर दोनच वर्षांत याच्या जवळ आले. जून २०२४ च्या रहिमी निकालात आठ विरुद्ध एक मताने सांगितले गेले की, ज्या माणसापासून जोडीदाराच्या जिवाला धोका आहे असे न्यायालयाने ठरवले आहे, त्याच्याकडून बंदूक काढून घेता येते. ज्याच्यापासून दुसऱ्याला धोका आहे त्याला नि:शस्त्र करा. हे तत्त्व साधे आहे, आणि ते आपल्या कायद्यात आधीपासून आहे.

बाबासाहेबांचे उत्तर

ते पाहण्याआधी बाबासाहेब काय म्हणाले ते पाहू, कारण हा प्रश्न थेट त्यांच्यासमोर आला होता.

'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात त्यांनी सांगितले आहे की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र, विद्या आणि संपत्ती तिन्ही नाकारली, म्हणून ते बंड करू शकले नाहीत. शस्त्रबंदीचे राजकारण त्यांना पुरते ठाऊक होते. ते सुभेदाराचे पुत्र होते आणि इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केल्याची झळ त्यांच्या समाजाने सोसली होती.

तरीही डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा मूलभूत अधिकार द्यावा अशी दुरुस्ती मांडली, काँग्रेसच्या कराची ठरावाचा दाखला दिला, तेव्हा बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. कोणीही बाजारात जाऊन राज्याच्या कोणत्याही आडकाठीविना शस्त्रे विकत घेऊ लागला तर राज्यकारभार चालणार कसा, हा त्यांचा सवाल होता. शस्त्र बाळगण्याच्या अधिकारापेक्षा देशाच्या रक्षणासाठी शस्त्र धारण करण्याच्या कर्तव्यावर त्यांनी भर दिला. यात विसंगती नाही. सैन्याचे दार आपल्याला उघडे हवे, कारण तिथे शस्त्र कायद्याच्या ताब्यात असते. पण ज्या समाजात जमीन, पैसा, पोलीस पाटील आणि पुढारी एकाच जातीचे, तिथे शस्त्रांचा खुला बाजार झाला तर शस्त्रे कोणाच्या घरात साठतील? दहा बंदुका त्यांच्याकडे आणि एक तुमच्याकडे, याला समता म्हणत नाहीत.

आपल्या हातातला नियम ३

आता आपल्या कायद्याकडे या. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचे १९९५ चे नियम काढा आणि नियम ३ वाचा. अत्याचार होण्याची शक्यता असलेली क्षेत्रे शासनाने आधीच निश्चित करायची आहेत. अशा क्षेत्रात, आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींचे सदस्य नसलेल्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, कुटुंबाच्या मित्रांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करून घ्यायची आहेत. बेकायदा शस्त्रे जप्त करायची आहेत. आणि त्यानंतर, जीविताच्या आणि मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना परवाने द्यायचे आहेत.

त्या तरुणाला वाटत होते की परवाना मागणे म्हणजे क्रांती. तो १९९५ पासून नियमात आहे! १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्येही लिहिले आहे की केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारता येणार नाही.

पण नियम ३ मधला क्रम पाहा. आधी ज्यांच्यापासून धोका आहे त्यांची शस्त्रे काढायची, मग बेकायदा शस्त्रे, आणि आपल्याला परवाने त्यानंतर. आपली मागणीही याच क्रमाने असावी. महाराष्ट्रात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारताना बंदूक लागली नाही, जमाव पुरला. तिथे एका घरात पिस्तूल असते तर निकाल बदलला असता, असे मी मानत नाही. बथानी टोल्यात १९९६ मध्ये २१ आणि लक्ष्मणपूर बाथे येथे १९९७ मध्ये ५८ माणसे मारली गेली, तिथे जमीनदारांची खाजगी सेना बंदुका घेऊन आली होती. सोनभद्रच्या उंभा गावात १७ जुलै २०१९ रोजी जमिनीच्या वादात दहा गोंड आदिवासींना गोळ्या घातल्या गेल्या. या गावांत आधी बंदुका जमा झाल्या असत्या तर किती माणसे वाचली असती, हा खरा हिशेब आहे.

आणि इथे चारित्र्य पडताळणीचे पितळ उघडे पडते. शस्त्र अधिनियम ज्याला अपात्र ठरवतो तो मुख्यतः शिक्षा झालेला माणूस. पण शिक्षा होते किती जणांना? बथानी टोल्याच्या खटल्यात पाटणा उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये २३ जणांना आणि बाथेच्या खटल्यात २०१३ मध्ये २६ जणांना निर्दोष सोडले. मग त्या ७९ माणसांना मारले कोणी, याचे उत्तर कोणत्याही नोंदीत नाही. जी नोंदच झाली नाही ती पडताळणीत सापडणार कशी? म्हणूनच नियम ३ मोलाचा आहे. तो शिक्षेची वाट पाहत नाही. क्षेत्रातला धोका पाहून तो आधीच हात घालतो.

त्याचा दोष एकच, आणि तो तोच जुना: 'आवश्यक वाटल्यास'. कोणाला वाटल्यास? माँटगोमेरीच्या अधिकाऱ्याला किंग यांची गरज वाटली नाही. आपल्या जिल्ह्यातल्या साहेबांना ती वाटेल, याची हमी कोण देणार? हमी कोणी देत नसते, ती मागून घ्यावी लागते.

म्हणून करायचे काय?

पहिले, माहिती अधिकारात जिल्हाधिकाऱ्यांकडे चार प्रश्न टाका. जिल्ह्यात अत्याचारप्रवण क्षेत्रे कोणती निश्चित केली? नियम ३ खाली आजवर किती शस्त्रपरवाने रद्द केले? त्याच नियमाखाली अनुसूचित जाती-जमातींच्या किती अर्जांवर काय निर्णय झाला आणि नकाराची कारणे कोणती? दर तिमाहीचा आढावा कधी घेतला? उत्तर 'निरंक' आले तर तो कागद जपून ठेवा. तोच पुढच्या लढ्याचा पुरावा आहे.

दुसरे, जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायलाच हवी. तिथल्या आपल्या सदस्यांना चहा-बिस्किटे खाऊन सही करून येऊ देऊ नका. प्रत्येक अत्याचाराच्या गुन्ह्यात एक प्रश्न विचारायला लावा: आरोपीच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या नावावर शस्त्रपरवाना आहे का, आणि असल्यास तो निलंबित का केला नाही? शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ ने तो अधिकार प्रशासनाला दिलेला आहे.

तिसरे, धोक्यातल्या साक्षीदाराला, फिर्यादीला खरोखर गरज असेल तर त्याने परवान्याचा अर्ज जरूर करावा. त्याला आपण नावे ठेवायची नाहीत. नकार आला तर कारण लेखी मागा, अपील करा. पण पिस्तुलासोबत फोटो काढून समाजमाध्यमावर टाकणे म्हणजे चळवळ नव्हे. घरात बंदूक आली की तिचा धोका घरातल्या बाईला आणि खचलेल्या पोरालाही असतो. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे विसरू नका.

त्या तरुणाला आणखी एक सांगायचे राहिले होते. ज्यांच्या नावावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या ओकलंडच्या पँथरांच्या एका हातात बंदूक होती, हे त्याला माहीत होते. दुसऱ्या हातात कायद्याचे पुस्तक होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. बंदूक सरकारने एका कायद्याने काढून घेतली. पुस्तक काढून घेता आले नाही.

आपल्या पुस्तकात नियम ३ आहे. पुढच्या अभ्यासवर्गाला तो तरुण माहिती अधिकाराचा अर्ज भरून आणणार आहे, असे त्याने कबूल केले आहे. तुम्ही कोणत्या जिल्ह्याचा भरणार?

जयभीम!